कुंडीतल्या पानांची आंघोळ

तुमच्या घरात एखादी कुंडी आहे का? असेल, तर आज एक गोष्ट करून पाहा. कुंडीतल्या झाडाच्या एका रुंद पानावरून बोट फिरवा. बोटाला करडी, बारीक भुकटी लागली, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

या भुकटीला मराठीत 'धूळ' म्हणतात. उर्दूत आपण तिला 'गर्द' म्हणतो. पण मराठी बोलताना जरा जपून! मराठीत 'गर्द' म्हणजे दाट. 'गर्द झाडी' म्हणजे धुळीने भरलेली झाडी नव्हे, दाट झाडी. पुण्याच्या कोथरूड भागात मात्र कधी कधी दोन्ही अर्थ एकाच झाडाला लागू पडतात.

कोथरूडमधून पौड रस्ता जातो. पुणे मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले आणि ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय या मार्गावर मेट्रो धावू लागली. मधली वर्षे या रस्त्यावर खोदकाम चालले होते. पुढे चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील नवा उड्डाणपूल खुला झाला. मेट्रो आली, पूल झाला, पण धूळ काही संपली नाही. जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि वाहनांची वर्दळ तर रोजचीच आहे. रस्त्याकडेच्या घरात आई रोज फरशी पुसते, खिडकी पुसते. कुंडीतले पान मात्र कोणी पुसत नाही.

रस्त्यावरच्या झाडाला एक सोय असते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला, की त्याची आंघोळ होते. कालपर्यंत करडे दिसणारे झाड एका रात्रीत हिरवेगार होते. घरातल्या झाडाच्या डोक्यावर छप्पर असते. त्याच्यासाठी जूनही कोरडा आणि जुलैही कोरडा!

धुळीने झाडाचे काय बिघडते? पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश घेते आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करते. या क्रियेला 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे: उजेड नाही तर जेवण नाही. कंदिलाची काच काजळली, की आतला उजेड बाहेर येत नाही. पानावर धूळ बसली, की बाहेरचा उजेड आत जात नाही.

पानावर श्वासासाठी बारीक छिद्रेही असतात. त्यांना 'पर्णरंध्रे' म्हणतात. धुळीने ती बुजतात आणि झाड गुदमरते, असे पुष्कळ लोक सांगतात. पण बहुतेक झाडांत ही रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात आणि धूळ बसते वरच्या बाजूला. म्हणून घरातल्या झाडाचे खरे दुखणे उपासमारीचे असते. रस्त्यावरच्या झाडाला ऊन भरपूर असते. त्यातले थोडे अडले तरी चालते. घरात मात्र खिडकीपासून चार पावले आत गेले, तरी उजेड फार कमी होतो. आपले डोळे सवयीने जुळवून घेतात, म्हणून आपल्याला ते कळत नाही. झाडाला कळते.

येथेच एक मोठी चूक होते. झाड मलूल दिसले, पान पिवळे पडले, की आपण म्हणतो, "बिचाऱ्याला तहान लागली असेल." मग आपण आणखी पाणी घालतो. उपाशी झाड तेवढे पाणी पिऊ शकत नाही. माती सतत ओली राहते, मुळे कुजतात आणि झाड मरते. किती तरी कुंड्या अशा मायेनेच रिकाम्या झाल्या आहेत! म्हणून पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वी माती बोटाने तपासा आणि पानही तपासा.

काही झाडे स्वतःची सफाई स्वतःच करतात. अळूच्या पानावर पाणी टाकून पाहा. पाण्याचे मोती होऊन घरंगळतात आणि जाताना धूळही घेऊन जातात. जे फार वेळ टिकत नाही, त्याला मराठीत 'अळवावरचे पाणी' म्हणतात, ते यावरूनच. कमळाच्या पानाचेही असेच आहे. त्याच्या पृष्ठभागावर मेणाने झाकलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे पाणी पानाला चिकटत नाही. जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह हे सविस्तर मांडले. पण आपल्या मनी प्लांटला ही विद्या येत नाही. त्याला आपला हात लागतो.

काम अवघड नाही. जुना, मऊ सुती कपडा साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा. एक तळहात पानाखाली धरा, म्हणजे देठ मोडणार नाही. मग देठाकडून टोकाकडे हलकेच पुसा. खालची बाजूही पुसा. कोरड्या, धुळीच्या दिवसांत तेथे लाल कोळी नावाची अगदी बारीक कीड जाळे विणून बसते आणि पानाचा रस शोषते. कीड दिसली, तर त्या झाडाचा कपडा वेगळा ठेवा. नाही तर आपणच ती घरभर वाटू. बोअरचे पाणी जड असेल, तर पानावर पांढरे डाग राहतात. अशा वेळी नळाचे पाणी बरे. सगळ्या कुंड्यांना एक तांब्या पुरतो.

सगळीच पाने अशी पुसू नयेत. पानओव्याच्या पानावर मऊ लव असते. तेथे ओला कपडा फिरवला, तर धुळीचा चिखल होऊन लवीत अडकतो. त्यासाठी चित्रकलेचा कोरडा, मऊ ब्रश घ्या. निवडुंगालाही ब्रशच बरा. तुमची बोटेही वाचतील!

आणि तेल? ते कधीच नको. एकदा घरी पाहुणे येणार होते, म्हणून मी रबराच्या झाडाच्या पानांना खोबरेल तेल चोळले. पाने आरशासारखी चमकली. पाहुण्यांनी कौतुक केले. आठवड्याभरात त्या तेलावर रस्त्याची सगळी धूळ चिकटली आणि पाने पूर्वीपेक्षा काळी झाली. साबणाच्या पातळ पाण्याने ती पुन्हा पुन्हा पुसावी लागली. तरी दोन पाने गळालीच.

आता एक प्रयोग करा. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा घरातल्या पानावर हलकेच दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. शेजारी तारीख लिहा. मग ते पान पुसून घ्या. पंधरा दिवसांनी त्याच पानावर दुसरी पट्टी लावा आणि तीही त्याच कागदावर चिकटवा. रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाच्या पानावरून तिसरी पट्टी आणता आली, तर उत्तम. तो कागद वर्गात घेऊन या.