सांध्यांचं भवितव्य रक्तात वाचताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली की बोटांची दुखणी उघडी पडतात. बोंडातून कापूस उपसायला चिमूट नीट जुळावी लागते. सकाळी तासभर मूठच वळत नसेल तर बाई शेतात जाऊन करणार काय? घरचे म्हणतात, वात आहे. तेल लावून शेक घेतात. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. पण काहींचा तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात असतो आणि तो हाड कुरतडतो. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणात घरोघरी पाहणी केली, तेव्हा दर हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना हा आजार आढळला.

कुणाचे सांधे झिजणार, हे आधी कळावं म्हणून रक्ताकडे पाहणं जुनं आहे. १९४० साली नॉर्वेत एरिक वालर यांना या आजाराच्या रुग्णाच्या रक्तद्रवानं मेंढीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटताना दिसल्या. १९५६ मध्ये लॅटेक्सची चाचणी आली. काचपट्टीवर रक्तद्रवाचा थेंब, त्यात लॅटेक्सचा थेंब, दोन मिनिटं हलवायचं. दाणे धरले की पॉझिटिव्ह. स्वस्त आणि झटपट, त्यामुळे ही 'आरए फॅक्टर'ची चाचणी गावोगावच्या लॅबमध्ये पोचली. हा फॅक्टर क्षयात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सी मध्ये, कधी निव्वळ वयामुळेही वाढतो, ही माहिती मात्र तिच्याबरोबर पोचली नाही. नुसत्या त्या कागदावर वर्षानुवर्षं गोळ्या खाणारे आणि कागद निगेटिव्ह म्हणून घरी पाठवलेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यातून तयार झाले.

खरी भर पडली ती १९९८ नंतर. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सिट्रुलिन असलेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं शोधली आणि त्यावरून अँटी-सीसीपी चाचणी तयार झाली. ती आरए फॅक्टरपेक्षा कमी वेळा फसते. या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त असेल, सोबत सूज दाखवणारा सीआरपी चढलेला असेल, तर हाडं झिजण्याचा धोका मोठा. २००४ साली तिथल्याच रक्तदात्यांचे साठवलेले नमुने तपासले, तर पुढे आजारी पडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात काही वर्षं आधीच खुणा होत्या. आजार ठरवण्याच्या २०१० च्या निकषांत या चाचणीला जागा मिळाली. (बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ही प्रतिपिंडं जास्त सापडतात, हेही याच काळात पुढे आलं.)

त्यानंतर रक्तातल्या आणखी खुणांची एमएमपी-३, कॉम्प, १४-३-३ ईटा अशी नावं आली. शोधनिबंधांत ती शोभतात. तालुक्याच्या डॉक्टरचा निर्णय त्यांनी फारसा बदललेला नाही. अँटी-सीसीपी निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो, आणि हातापायांच्या एक्स-रेत झीज आधीच दिसत असेल तर पुढच्या झिजेची ती ठळक खूण आहे.

तेव्हा सहा आठवड्यांहून जास्त सकाळी बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर वेचणी संपायची वाट पाहू नका. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी आणि दोन्ही हातापायांचा एक्स-रे एकदा करून घ्या. नंतर दर खेपेला आरए फॅक्टरवर पैसे घालवू नका. पुन्हा पुन्हा पाहायचे ते सूज मोजणारे ईएसआर आणि सीआरपी. आणि डॉक्टरांनी या आजारावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही.