तिथी पाहून शीड उभारा

मुंबई ते जंजिरा समुद्रमार्गे साधारण ४० सागरी मैल. शिडाची तीस-पस्तीस फुटी यॉट ताशी पाच मैल धावते, म्हणजे आठ तास. पण कोकण किनाऱ्यावर निघायची वेळ आपण ठरवत नाही, ती पाणी आणि वारा ठरवतात. त्यांच्याशी जुळवून घेत केलेल्या या प्रवासाची गोडी इंजिनाच्या धडधडीत काटलेल्या अंतराला नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी पाणी. दर्यावर्दी कोळ्यांचा जुना आडाखा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती पूर्ण, तिथून दुपारपर्यंत ओहोटी. गेटवेसमोरून तेव्हा नांगर उचलला की बंदरातून बाहेर निघालेले पाणी नौकेला सोबत नेते. अष्टमीची भरती भांगाची, त्यामुळे ओढ बेताची. पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर, पण सकाळी सहाला ओहोटी संपलेली असते आणि पुढे भरती पूर्ण होईपर्यंत पाणी समोरून येते.

मग वारा. थंडीत रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि पहाटे पूर्वेकडून मतलई वारा सुटतो. दक्षिणेला निघालेल्या नौकेला तो आडवा मिळतो, आणि शिडाच्या नौकेला आडव्या वाऱ्यासारखे सुख नाही. पुढच्या शिडाला दोन्ही अंगांनी लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे वाहत असले तर शीड बरोबर लागले. आतला फडफडला तर दोर थोडा ओढायचा, बाहेरचा फडफडला तर सैल सोडायचा. हाताला हे एकदा उमगले, की नौका बोटभर दोराला कसा प्रतिसाद देते ते पायाखाली जाणवते.

दहाच्या सुमारास, खांदेरी बेटाच्या आसपास, हा मतलई वारा पडतो. इथेच १६७९मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारींनी किल्ल्याचे काम सुरू केले आणि इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी अडकत, आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान होड्या रसद घेऊन निसटत. पुस्तकात वाचलेली ती लढाई पाणी आरशासारखे झाल्यावर नीट कळते. या टापूत डोल जाळी असतात. खुंटांना बांधलेली ही जाळी पाण्याच्या ओढीने उघडी राहतात, वर दिसतात ते फक्त तरंगणारे डबे आणि झेंड्या. इंजिन लावायचेच झाले तर एकाने नाळेवर उभे राहून पाहत राहावे. पंख्यात जाळे अडकले तर नौका खोळंबते आणि कोळ्याचे दिवसाचे उत्पन्न बुडते.

दुपारी जमीन तापते आणि वायव्येकडून खारा वारा येतो. तो पाठीमागून असतो, म्हणून कोर्लईचा डोंगर झपाट्याने मागे पडतो. मात्र सुकाणू जरा चुकले तर मोठ्या शिडाचा आडवा दांडा एका झटक्यात या बाजूचा त्या बाजूला जातो. तेव्हा डोके खाली.

कासा किल्ला ओलांडून जंजिऱ्यालगतच्या राजपुरीच्या खाडीत शिरलो की नांगर. ओहोटीला चार मीटर पाणी असेल आणि भरतीला तीन मीटर चढणार असेल, तर साखळी सातच्या पाचपट, ३५ मीटर सोडायची. परतताना दुपारचा वारा तोंडावर येतो, म्हणून पहाटे तीनलाच निघायचे. मतलई वारा उत्तरेला जाणाऱ्यालाही आडवाच मिळतो.