कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीवरचे आकडे कसे वाचायचे?

(जळगाव येथे नेत्रतपासणीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पंख्यांचा आवाज फार आहे, तेव्हा मागच्या बाकांपर्यंत ऐकू आलं नाही तर हात वर करा.

आजचा विषय कॉन्टॅक्ट लेन्समधले मूलभूत शब्द. पण सुरुवात एका पेशंटपासून करतो. पारोळ्याकडची एकोणीस वर्षांची मुलगी, सोबत आई. आई म्हणाली, "डोयामा खुपस." डोळा लालभडक, उजेड सहन होईना. घरी पाहुणे बघायला येणार म्हणून चष्मा काढायचा होता, तर मैत्रिणीच्या जास्तीच्या लेन्स घातल्या. मी विचारलं, असं का केलं? ती म्हणाली, "सर, नंबर तोच होता ना, वजा तीन."

नंबर तोच होता, खरं आहे. लेन्स मात्र तिच्या डोळ्याची नव्हती. हे नीट कळावं म्हणून आज डबीवरचा एकेक आकडा घेऊ.

पहिला आकडा, बीसी म्हणजे बेस कर्व्ह. लेन्सच्या आतल्या, डोळ्याकडच्या बाजूची वक्रता. ती मिलिमीटरमध्ये, त्रिज्या म्हणून लिहितात; ८.४, ८.६ अशी. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. त्रिज्या लहान तर वक्रता जास्त. म्हणजे ८.४ ची लेन्स ८.६ पेक्षा खोलगट. वाटी आणि परात आठवा. वाटीची त्रिज्या लहान, पण खोल कोण?

केरॅटोमीटरवर वाचन डायॉप्टरमध्ये मिळालं, तर ३३७.५ ला त्या आकड्याने भागा. ४३ आलं तर त्रिज्या साधारण ७.८५ मिमी. मग कोणी विचारेल, कॉर्निया ७.८५ आणि लेन्स ८.६, हे कसं? सॉफ्ट लेन्स कॉर्नियाच्या पलीकडे पांढऱ्या भागावरही टेकते आणि तो भाग चपटा असतो. म्हणून ती कॉर्नियापेक्षा चपटीच निवडतात.

दुसरा आकडा, व्यास. सॉफ्ट लेन्सचा साधारण १३.८ ते १४.५ मिमी. कॉर्नियाची आडवी रुंदी बारा मिमीच्या आसपास, म्हणजे लेन्सने तो पूर्ण झाकून चहूबाजूंनी थोडं बाहेर यायचं. कडक, हवा जाऊ देणाऱ्या आरजीपी लेन्सचा व्यास साधारण नऊ-दहा मिमी. ती कॉर्नियावरच बसते.

हे दोन आकडे मिळून फिटिंग ठरतं. पापणी मिटली की लेन्स किंचित हलली पाहिजे, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. त्या हालचालीतच खालचं अश्रूंचं पाणी बदलतं, घाण बाहेर जाते. फार हलली तर सैल. पेशंटला टोचते, तो लगेच तक्रार करतो. घट्ट लेन्स मात्र फसवी असते, बरं का. घातल्या घातल्या छान वाटते, कारण हलतच नाही. संध्याकाळपर्यंत डोळा लाल होतो आणि लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो. म्हणून "आरामदायक वाटतंय" एवढ्यावर पेशंटला घरी पाठवू नका. खालच्या पापणीने लेन्स वर ढकलून बघा, सहज परत येते का ते.

तिसरा आकडा, पॉवर. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिमी दूर, लेन्स डोळ्यावर. या अंतराला व्हर्टेक्स डिस्टन्स म्हणतात. चार डायॉप्टरपर्यंत फरक नगण्य. पण चष्म्याला वजा १० असेल तर लेन्स साधारण वजा ९ लागते. अधिक नंबरला उलटं. चष्म्याला अधिक ६ तर लेन्स साधारण अधिक ६.५०.

सिलिंडर असेल तर टोरिक लेन्स. तिच्यावर खूण असते. तुमच्या समोरून पाहताना खालची खूण तुमच्या डावीकडे सरकली असेल तर तेवढे अंश अक्षात मिळवा, उजवीकडे सरकली असेल तर वजा करा. अक्ष ९० आणि खूण डावीकडे १० अंश, तर मागवायची १०० ची.

आता डबीवर ठळक न दिसणारी गोष्ट, मटेरियल. १९६१ साली प्रागमध्ये ओटो विख्टर्ले यांनी घरच्या टेबलावर, मुलाच्या जोडखेळण्याच्या सुट्या भागांपासून यंत्र जुळवून मऊ लेन्स ओतल्या. ते हायड्रोजेल. त्यातून प्राणवायू पाण्यावाटेच जातो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, तो जागेपणी श्वास हवेतून घेतो. म्हणून डीके हा शब्द: मटेरियलमधून प्राणवायू किती जातो ते माप. त्याला लेन्सच्या जाडीने भागलं की डीके बाय टी, म्हणजे प्रत्यक्ष ती लेन्स किती हवा देते. होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये मर्यादा सांगितल्या: दिवसा घालायला किमान २४, रात्री झोपायचं असेल तर ८७. मिटलेल्या पापणीखाली प्राणवायू आधीच जवळपास एक तृतीयांश उरतो, हे लक्षात ठेवा. पुढे सिलिकॉन हायड्रोजेल आलं. त्यात सिलिकॉनही हवा वाहतं.

(विद्यार्थ्याचा प्रश्न: आपल्याकडे मे महिन्यात डोळे कोरडे पडतात, मग जास्त पाण्याची लेन्स द्यायची का?)

चांगलं विचारलंत. उलट. जास्त पाण्याच्या लेन्सला ते पाणी टिकवावंही लागतं. पंचेचाळीस अंशांत, मोटारसायकलवर, लेन्स वाळते, आकसते, घट्ट होते. आपल्याकडे कमी पाण्याचं मटेरियल अनेकदा बरं ठरतं. आणि ऊन-धुळीच्या ॲलर्जीने सतत डोळे चोळणारी मुलं दिसली तर केरॅटोमीटरची वर्तुळं वाकडी येतात का, आवर्जून बघा. केरॅटोकोनस असू शकतो. तिथे चष्मा पुरत नाही, आरजीपी लागते.

शेवटचे दोन शब्द: डेली वेअर म्हणजे दिवसा घालून रात्री काढायची, डेली डिस्पोजेबल म्हणजे एकदा वापरून टाकायची. पेशंट या दोन्हीत घोळ करतात. एक घालण्याची पद्धत, दुसरी बदलण्याची मुदत.

आता त्या मुलीकडे येऊ. मैत्रिणीची लेन्स तिला घट्ट होत होती. ती घालूनच दोन रात्री झोपली. मधे एकदा काढून धुतली, तीही टाकीच्या पाण्याने. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठवावं लागतं. आणि साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबासारखे जीव असू शकतात. तिच्या कॉर्नियावर व्रण झाला. उपचारांनी डोळा वाचला, पण फूल पडलं, अगदी बाहुलीसमोर. ज्या डोळ्याचा चष्मा लपवायचा होता, त्याला आता चष्म्यानेही पूर्ण दिसत नाही.

हे सगळे शब्द परीक्षेत विचारतील, ते पाठ कराच. पण दुकानात कोणी येऊन म्हणालं, "वजा तीनच्या लेन्स द्या," तर लगेच डबी काढू नका. त्यांना बसवा, वक्रता मोजा, लेन्स हलते का ते बघा. आणि दोन वाक्यं सांगितल्याशिवाय उठू देऊ नका: लेन्सला पाणी लावायचं नाही, लेन्स घालून झोपायचं नाही.

पुढच्या वेळी फ्लुरेसीन टाकून आरजीपीचं फिटिंग कसं वाचायचं ते पाहू.