सो इंदिआना : पोर्तुगीजमध्ये आपली ओळख

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा आणि सून पोर्तुगालमध्ये, लिस्बन शहरात असतात. सुनेच्या बाळंतपणासाठी काकू तिकडे निघाल्यात. परवा बैठकीत हप्ता भरताना म्हणाल्या, "अगं, तिथं कुणी कुठल्या म्हणून विचारलं, तर मी काय मुक्यासारखी बघत राहू?"

बी.ए.ला गोव्यात असताना मी थोडी पोर्तुगीज शिकले होते. म्हटलं, काकू, बटाटा, पाव, चावी, बादली हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आलेत. आता आणखी दोन-चार शिकू.

वडीलधाऱ्या बाईला तिकडे मानानं विचारतात, "दि ओंद ए आ सिन्योरा?" म्हणजे, बाई, आपण कुठल्या? उत्तर द्यायचं, "सो दा इंदिया", मी भारतातली. किंवा "सो इंदिआना", मी भारतीय आहे. 'सो' म्हणजे 'मी आहे'.

आता खरी गंमत. आपण बाई असो की पुरुष, 'भारतीय' हा शब्द बदलत नाही. पोर्तुगीजमध्ये बदलतो, आपल्या चांगला-चांगलीसारखा. पुरुष म्हणेल इंदिआनु, बाई म्हणेल इंदिआना. पोर्तुगालचा पुरुष पुर्तुगेश, बाई पुर्तुगेझा. फ्रान्सचा फ्रांसेश, बाई फ्रांसेझा. थोडे शब्द मात्र दोघांना सारखेच. बेल्जियमचा पुरुष असो की बाई, बेल्गाच.

आपण सगळ्या बायका मिळून बोललो तर "सोमुश इंदिआनश". पण दहा बायकांत एक जरी पुरुष असला तरी "इंदिआनुश" म्हणायचं, असा त्या भाषेचा नियम. हे ऐकून बैठकीत जो हशा झाला, तो काही विचारू नका!

पुस्तकात पुरुषाचा शब्द आधी छापलेला असतो. काकूंनीही तोच पाठ केला आणि ठसक्यात म्हणाल्या, "सो इंदिआनु!" म्हणून सांगते, शब्दाचा शेवट 'आ'नं करायचा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. काकूंचं माहेर गोव्याचं. त्या "सो द गोआ", मी गोव्याची, असं म्हणू शकतात. पण ते झालं गाव. अर्जावर 'नासिओनालिदाद' असं विचारतात, ते राष्ट्रीयत्व. तिथं पासपोर्टात आहे तेच लिहायचं. गोव्यावर 1961 पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे तिथल्या काही कुटुंबांनी पुढे पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं. आपल्या कायद्यात मात्र एका वेळी दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. म्हणून ऐकीव माहितीवर 'पुर्तुगेझा' लिहून टाकू नका. शंका आली तर सही करण्याआधी विचारा.

काकू आता भाकऱ्या थापतानाही घोकतात, "सो इंदिआना, सो इंदिआना." तुम्हीही एकदा मोठ्यानं म्हणून बघा.