आठ आणे हंगाम

दिवाळी उलटून वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील बांध्यांतले धान कापणीला आले, आणि वारासिवनीकडच्या चिन्नोरचा सुवास सडकेवरून जाणाऱ्यालाही थबकवू लागला, म्हणजे आमच्या बालाघाट जिल्ह्यातली वयस्क माणसे अजूनही एकमेकांना विचारतात, ‘यंदा किती आणे?’ आणेवारीचा हा हिशेब जुन्या मध्यप्रांताच्या जमाबंदीपासून चालत आलेला. सोळा आणे म्हणजे कोठ्या भरून उरणारे पीक. चार आणे म्हणजे साऱ्याच्या तहकुबीचे अर्ज, सावकाराची पायरी आणि पोट हातावर घेऊन परमुलखात निघालेली कुटुंबे. सोळा आण्यांचे वर्ष लग्नांच्या वरातींवरून लक्षात राहते, चार आण्यांचे वर्ष नातवंडांनाही ऐकून पाठ असते. परंतु ज्या वर्षी पटवारी बांधावरून नजर फिरवून आठ-नऊ आण्यांचा आकडा दफ्तरात मांडतो आणि पुढच्या गावी निघून जातो, त्या वर्षाचे नाव पुढे कोणी घेत नाही. वास्तविक चिखलणी, रोवणी, निंदण, बोडीच्या पाण्यासाठी रात्रीचे जागरण आणि त्या पाण्यावरून शेजाऱ्याशी झालेली वादावादी ही सारी त्याही वर्षी यथासांग पार पडलेली असते.

फुटबॉलच्या गुणतक्त्याकडे मी फार वर्षांपासून ह्या आणेवारीच्या नजरेने पाहत आलो आहे. गोंदियाहून येणारी छोटी लाईन होती, त्या काळी नागपूरचे वर्तमानपत्र आमच्या हाती दुपारी पडे, आणि क्रीडापृष्ठाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेला तो तक्ता मी मधूनच वाचावयास आरंभ करी. वर कोण आहे हे मथळ्यानेच सांगितलेले असे, तळाशी कोण आहे हे अग्रलेखाच्या ऐटीत लिहिणारे समीक्षक सांगत. मध्ये जे असत त्यांच्याविषयी त्या तक्त्याखेरीज दुसरा साक्षीदार नसे.

हा मध्य फुटबॉलला उपजत लाभलेला नाही. ज्या काळी इंग्लंडात सारी प्रतिष्ठा चषकस्पर्धांना होती, त्या काळी हरलेला संघ घरी जाई आणि जिंकलेला पुढे सरके. चषकात सातवा किंवा आठवा क्रमांक संभवतच नाही. मूळचे स्कॉटिश, परंतु बर्मिंगहॅममध्ये कापडाचे दुकान चालविणारे आणि अ‍ॅस्टन व्हिला क्लबाच्या कारभारात असलेले विल्यम मॅग्रेगर ह्या गृहस्थांनी 1888 मध्ये बारा क्लबांना एकत्र आणून प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वगृही एक आणि परगृही एक असे दोन सामने खेळावे असा करार घडवून आणला, तेव्हा त्या बावीस सामन्यांच्या हिशेबातून ‘मधला संघ’ नावाची नवीच जात जन्माला आली. दुकानदाराला सणासुदीच्या विक्रीपेक्षा बारमाही गिऱ्हाइकाची किंमत अधिक कळते, हे ह्या व्यवस्थेच्या मुळाशी असावे असा माझा तर्क आहे.

मुंबईचे फुटबॉल मात्र दीर्घकाळ चषकाच्याच आमदानीत वाढले. 1891 मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही ह्या शहराची पुण्याई. कूपरेजच्या मैदानावर 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक नेला, ही गोष्ट जुने मुंबईकर अद्याप गहिवरून सांगतात. देशव्यापी लीग मात्र 1996 साली आली आणि 2007 मध्ये तिने आय-लीग हे नाव धारण केले. म्हणजे मॅग्रेगर ह्यांच्या कल्पनेला आपल्याकडे रुजावयास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि मधल्या क्रमांकाचे सुखदुःख म्हणजे काय ह्याची तालीमही आपल्या प्रेक्षकाला तितकीच उशिरा मिळाली.

ती तालीम देणारा क्लब म्हणजे मुंबई एफसी. (चित्रपटसृष्टीच्या झगमगाटासह 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये अवतरलेला मुंबई सिटी एफसी तो हा नव्हे, हा खुलासा मला गोंदियाच्या फलाटावरसुद्धा करावा लागला आहे.) एस्सेल उद्योगसमूहाने 2007 मध्ये हा क्लब काढला, डेव्हिड बूथ ह्या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाती सोपविला, आणि 2008 मध्ये द्वितीय श्रेणीची स्पर्धा जिंकून तो पहिल्या श्रेणीत दाखल झाला. तेथे तो 2008-09 पासून 2016-17 पर्यंत नऊ हंगाम राहिला. ह्या नऊ हंगामांत त्याने कधी विजेतेपदाची भाषा केली नाही आणि शेवटचा हंगाम वगळता कधी पायरीवरून खाली घसरला नाही. कूपरेजच्या नूतनीकरणाचे काम लांबले, तेव्हा मुंबईचा हा क्लब आपले ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळे. घरच्या मैदानाचा जो काही लाभ लीगमध्ये गृहीत धरलेला असतो, तो सह्याद्रीच्या पलीकडे ठेवून जो संघ आपली जागा राखतो, त्याच्या आठ आण्यांचे मोल मी तरी सोळा आण्यांहून फार कमी लावणार नाही.

2009 मध्ये प्रशिक्षकपद खालिद जमील ह्यांच्याकडे आले. 1977 मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया ह्या संघांतून मध्यरक्षक म्हणून खेळलेले हे गृहस्थ तेव्हा अवघे बत्तिशीचे होते. पुढची सात वर्षे त्यांनी क्लबाचा संसार चालविला, आणि तो एखाद्या काटकसरी गृहिणीच्या शिताफीने चालविला. त्यांच्या संघाचा खेळ प्रेक्षणीय नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. बचावफळी दाट, मध्यफळी तिच्या पुढ्यात पहाऱ्याला बसलेली, आणि पुढे एखादा परदेशी आघाडीवीर दुरून येणाऱ्या चेंडूची वाट पाहत उभा. रसिकांना हा खेळ कंटाळवाणा वाटे आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

परंतु ह्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जुन्या काळी विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळे. 1981 मध्ये इंग्लंडने विजयाचे तीन गुण केले आणि पुढे सर्व जगाने तोच कायदा स्वीकारला. ह्या एका फेरफाराने बरोबरीचे नाणे बट्ट्याचे झाले : दोन बरोबऱ्या मिळूनही एका विजयाची किंमत येत नाही. श्रीमंत क्लबांना त्याचा फटका बसला नाही, कारण त्यांना बरोबरीची गरजच क्वचित पडते. गरिबांना मात्र ह्या बट्ट्याच्या नाण्यावरच प्रपंच करावा लागतो. सॉल्ट लेकच्या प्रचंड क्रीडांगणावर मोहन बागान किंवा ईस्ट बंगालच्या गजरात नव्वद मिनिटे तग धरून एक गुण आणावयाचा, शिलाँगच्या उंचीवर दम टिकवून दुसरा आणावयाचा, आणि मग घरी आलेल्या आपल्यासारख्याच एखाद्या मध्यमवर्गीय संघाकडून पुरते तीन गुण वसूल करावयाचे, असा हा वसुलीचा क्रम असतो. ह्यात एक वायदा चुकला, एका बचावपटूचा गुडघा दुखावला, एका पंचाने एक शिट्टी अकाली फुंकली, की सारा ताळेबंद कोलमडतो.

2015-16 च्या हंगामात लीगमध्ये नऊ क्लब उरले होते आणि प्रत्येकाला सोळा सामने होते. बंगळुरू एफसी विजेता ठरला. मुंबई एफसी पाचवा आला. नवांतला पाचवा म्हणजे वर चार, खाली चार, अगदी ओळंबा लावून काढलेला मध्य! क्लबाच्या साऱ्या हयातीतील ती सर्वोत्तम कमाई होती, आणि तिच्याविषयी मथळा छापून आल्याचे मला आठवत नाही.

आता ‘नऊ क्लब उरले होते’ असे मी म्हटले, त्याची हकीकत सांगितली पाहिजे. मुंबई एफसी लीगमध्ये होता त्या काळात एके वेळी तेथे चौदा क्लब नांदत होते. राष्ट्रीय लीगचा पहिलावहिला विजेता जेसीटी 2011 मध्ये बंद झाला. 2005-06 चा विजेता महिंद्र युनायटेड त्याच्याही आधी, 2010 मध्ये, मालकांनी गुंडाळला. एअर इंडियाला परवान्याच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत म्हणून 2013 मध्ये लीगबाहेर व्हावे लागले. 2012-13 मध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी 2015 नंतर दिसेनासा झाला. सोळा आण्यांची पिके काढणारी ही घराणी एकामागून एक दिवाळखोरांच्या वस्तीत निघून जात असताना आठ आण्यांचा हा कास्तकार आपल्या बांध्या राखून होता. मुंबई शहराच्या वतीने आय-लीगमध्ये शेवटी तोच एकटा उरला.

इंग्लंडात ह्या वृत्तीचा मूर्तिमंत आदर्श पाहावयाचा असेल, तर लंडनच्या दक्षिण भागातील क्रिस्टल पॅलेस ह्या क्लबाकडे पाहावे. 1851 च्या जगप्रसिद्ध प्रदर्शनासाठी काचेचा जो महाल उभारला गेला, आणि जो पुढे हाइड पार्कमधून उचलून सिडनहॅमच्या टेकडीवर नेला गेला, त्याचे नाव ह्या क्लबाला मिळाले. महाल 1936 च्या नोव्हेंबरात जळून खाक झाला. क्लब त्याआधीच, 1924 पासून, सेलहर्स्ट पार्कवर राहावयास गेला होता. 2013 मध्ये तो इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत परतला आणि तेव्हापासून 2025 पर्यंतच्या बारा हंगामांत वीस क्लबांच्या तक्त्यात तो दहाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही आणि पंधराव्याच्या खाली उतरला नाही. अकरा, दहा, पंधरा, चौदा, अकरा, बारा, चौदा, पुन्हा चौदा, बारा, अकरा, दहा, बारा : एखाद्या शिस्तशीर कारकुनाच्या हजेरीपटासारखी ही नोंद आहे. त्या श्रेणीत दरसाल तिघांची पदावनती होते, आणि चाळीस गुण झाले की तरलो अशी तेथील लोकसमजूत आहे; तीही सर्वथा विश्वसनीय नाही, कारण 2002-03 मध्ये वेस्ट हॅम बेचाळीस गुण गाठीला असूनही खाली गेला. अशा सरहद्दीपासून बारा वर्षे सुरक्षित अंतर राखणे ही किरकोळ बाब नव्हे. आणि मग 17 मे 2025 रोजी, तक्त्यात बाराव्या आलेल्या ह्याच क्लबाने वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटीचा एका गोलने पराभव करून एफए चषक पटकाविला. एबेरेची एझे ह्याने सोळाव्या मिनिटाला गोल केला आणि गोलरक्षक डीन हेंडरसनने पेनल्टी अडविली. क्लबाच्या इतिहासातील तो पहिला मोठा चषक. त्या रात्री मी उशिरापर्यंत जागा होतो, आणि घरातल्या मंडळींना ह्या आनंदाचे कारण समजावून सांगणे मला साधले नाही.

मुंबईच्या वाट्याला असा चषक यावयाचा नव्हता. पाचव्या क्रमांकानंतर क्लबाने खालिद जमील ह्यांना निरोप दिला. मालकांना अधिक आकर्षक खेळ हवा असेल, अधिक वरचा क्रमांक हवा असेल. ती अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही, परंतु माझे मत विचाराल तर सात वर्षे बांध राखणाऱ्या माणसाला रजा देताना पाण्याची व्यवस्था कोण पाहणार हा प्रश्न आधी सोडवावयास हवा होता. 2016-17 चा हंगाम संतोष कश्यप ह्यांच्या हाताखाली सुरू झाला, मध्येच स्पॅनिश प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझोन आले, आणि दहा क्लबांच्या लीगमध्ये मुंबई एफसी दहावा आला.

खालिद जमील दरम्यान मिझोराममध्ये जाऊन पोहोचले होते. ऐझॉल एफसी हा क्लब आदल्या वर्षी आठवा येऊन पदावनत झालेला. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले म्हणून रिकाम्या जागेवर त्याला परत बोलाविले गेले होते. जमील ह्यांनी मुंबईहून आपल्याबरोबर काही ओळखीची माणसे नेली, त्यांत जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे होते. मुंबईत ज्या खेळाला कंटाळवाणा म्हणून नावे ठेवली गेली, तोच खेळ ऐझॉलच्या मैदानावर, घरोघरच्या प्रेक्षकांच्या समोर, थोडा मोकळा होऊन खेळला गेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी ऐझॉलची कथा पुन्हा छापली. त्याआधीच्या सात मुंबईकर हंगामांना एकेक ओळ मिळाली.

30 एप्रिल 2017 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ऐझॉलचा सामना शिलाँग लाजाँगशी शिलाँगमध्ये होता. मोहन बागान मागोमाग होता, आणि ऐझॉलला हार चालणार नव्हती. नवव्या मिनिटालाच यजमानांनी गोल केला. मध्यंतर झाले, तासभर उलटला, आणि सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला ह्याने ती उधारी फेडली. उरलेली मिनिटे ऐझॉलने बचावफळी दाट करून, मध्यफळी तिच्या पुढ्यात पहाऱ्याला बसवून काढली. एक-एक. त्या बट्ट्याच्या एका गुणावर ईशान्य भारतातील क्लब प्रथमच देशाचा विजेता झाला.

त्याच तक्त्यात नऊ ओळी खाली मुंबई एफसी होता. क्लब पुढे बंद करण्यात आला, आणि पुढल्या हंगामाच्या यादीत ते नाव नव्हते.