सरासरीच्या आड

मानव विकास मोजण्यासाठी सरासरी सोयीची खरी, परंतु ती पुष्कळदा फसवी ठरते. आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांवर आधारलेल्या जागतिक निर्देशांकात २०२१ साली भारताचे मूल्य ०.६३३ होते, विषमतेची वजावट करताच ते ०.४७५ वर आले. महामारीच्या त्या दोन वर्षांत जगाचाही निर्देशांक सलग घसरला होता. महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात तर मुंबई अग्रस्थानी आणि गडचिरोली तळाशी! राज्याची सरासरी या दोहोंपैकी कोणाचेच यथार्थ वर्णन करीत नाही. अनिश्चित काळात शाळा प्रथम सुटते ती बहुधा दूरच्या गावातील मुलीची. मानव विकास मिशनसाठी पुढे १२५ मागास तालुके निवडण्यात आले, तेव्हा तेथील विद्यार्थिनींच्या ने-आणीसाठी एस. टी.च्या बसगाड्यांची तरतूद झाली, ती याचसाठी.