बोटीच्या जुन्या इंजिनातील ठिणगी : दुरुस्ती आणि परिभाषा

वेळापूरच्या परिसरात विहिरीवरील डिझेल इंजिन सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. सबब प्रज्वलनाची बोली परिभाषा येथे पंपामुळे नव्हे, तर १९७२ साली आलेल्या लूनासारख्या दुचाकींमुळे रुळली असावी, असे अनुमान करावयास हरकत नाही. लूनातील मॅग्नेटो आणि एव्हिनरूड अथवा जॉन्सन या १९५० नंतरच्या दशकातील, बोटीच्या मागे टांगावयाच्या इंजिनांतील मॅग्नेटो यांचे तत्त्व एकच होय.

इंजिन सुरू न झाल्यास कारागीर म्हणतो, ‘करंट येत नाही.’ हे विधान परिणामाचे आहे, कारणाचे नव्हे. त्यात निदान चार भिन्न दोष लपलेले असतात. फ्लायव्हीलमधील चुंबक कॉइलजवळून फिरतो, तेव्हा प्राथमिक वेढ्यांत प्रवाह निर्माण होतो. कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकाएकी तुटतो, आणि दुय्यम वेढ्यांत उत्पन्न झालेला हजारो व्होल्टचा दाब प्लगच्या फटीतून ठिणगीरूपाने बाहेर पडतो. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग यांपैकी कोणताही बिघडला तरी वाक्य तेच!

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात प्रथम संशय पॉइंटचा घ्यावा. (दोन संपर्कबिंदूंच्या जोडीस आपण एकवचनी ‘पॉइंट’ म्हणतो, हे लक्षणीय आहे.) फ्लायव्हील हातोड्याने ठोकून काढू नये, क्रँकशाफ्टचे निमुळते टोक त्याने बिघडते. त्यासाठी पुलरच हवा. संपर्कावर चढलेला ऑक्साइडचा थर बारीक कानशीने काढावा. पॉलिश पेपरचे कण मागे राहतात व दोष पुन्हा उद्भवतो. म्हणून अखेरीस स्पिरिटमध्ये भिजविलेला स्वच्छ कागद पॉइंटमधून ओढावा. उपर्युक्त बनावटीच्या लहान इंजिनांत पॉइंट पूर्ण उघडलेला असताना फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ठेवावी. फट वाढली तर ठिणगी वेळेआधी पडते. कमी झाली तर उशिरा, आणि पॉइंट जळतो.

कॉइलचे जुने आवरण तडकलेले असते, हा या पिढीतील इंजिनांचा नित्याचा दोष आहे. तेथे दाब लोखंडात गळतो. कॉइल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

कंडेन्सर पॉइंटवरील ठिणगी आवरतो. शीतयंत्रातील कंडेन्सर ही सर्वस्वी निराळी वस्तू. शास्त्रीय परिभाषेने एकास धारित्र व दुसऱ्यास संघनित्र अशी नावे दिली. कारागिराचा एकाच शब्दाने घोटाळा होत नाही, कारण संदर्भ समोर उघडा असतो. परिभाषा घडविणारांनी याचा विचार करावयास हवा.

हा विषय केवळ शब्दांचा नव्हे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जण मृत्युमुखी पडले. तेथे कारण वारा होते. तथापि अशा पाण्यावर इंजिन बंद पडले तर बोट वाऱ्याच्या स्वाधीन होते. म्हणून परीक्षा काठावरच घ्यावी. प्लग काढून, पेट्रोलची वाफ दूर असल्याची खात्री करून, तो इंजिनाच्या लोखंडास टेकवावा व दोरी ओढावी. ठिणगी निळसर व कडक असेल तर मॅग्नेटो ठीक. तरीही इंजिन पेटत नसल्यास फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकली आहे काय ते पाहावे, आणि त्यानंतरच कार्ब्युरेटर उघडावा.